रोजची चौकट : वर्तमानपत्री हास्यचित्रांची बदलती रेघ

वाचकहो, वर्तमानपत्र हातात आले की आधी अग्रलेख न उघडता थेट चित्राकडे वळणारी माणसे आपल्या घराघरांत होती आणि आहेत. अग्रलेख वाचल्याचे ते चारचौघांत सांगतात, चित्र पाहिल्याचे सांगत नाहीत, एवढेच. याच मंडळींच्या तोंडी एक वाक्य ठरलेले असते : ‘पूर्वीसारखी चित्रे आता येत नाहीत.’ कुक्षीत, धारला, देवासला आणि इंदूरच्या नातलगांकडे हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले, की ते खरे आहे का, हे एकदा नीट तपासून पाहावे असे वाटले. कारण या एका वाक्यात चार निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. काढणाऱ्याचा हात उतरला, विनोद शिळा झाला, छपाई बदलली, किंवा पाहणाऱ्याचे वय वाढले. चौघींची सरमिसळ केली की इतिहास हाती लागत नाही, नुसती हळहळ उरते.

आधी एक भेद करून घेऊ. एका चौकटीत संपणारे व्यंगचित्र वेगळे आणि तीन-चार चौकटींतून पुढे सरकणारी चित्रपट्टी वेगळी. पहिल्यात क्षण पकडायचा असतो, दुसरीत काळ चालवायचा असतो. त्याच माणसाला तीनदा काढायचे, तो तोच वाटला पाहिजे आणि तरी मधल्या वेळात काहीतरी घडून गेलेले दिसले पाहिजे. हे काम दिसते त्याहून अवघड आहे.

आपल्यापासून जेमतेम वीस किलोमीटरवर बाघची लेणी आहेत. चौथ्या लेण्याच्या, म्हणजे रंगमहालाच्या, ओसरीच्या भिंतीवर दुःखी स्त्री, बोलत बसलेले पुरुष, फेर धरून नाचणारे आणि हत्तीघोड्यांची मिरवणूक असे प्रसंग ओळीने रंगवले होते. नंदलाल बोस, असितकुमार हळदार आदी चित्रकार १९२१ साली येऊन त्यांच्या प्रतिकृती करून गेले. या भिंतीला चित्रपट्टीची पणजी ठरवण्याचा मोह आपल्याकडच्या वक्त्यांना होतो. मला तो आवरावासा वाटतो. तिथे प्रसंगामागून प्रसंग आहेत, पण उद्या पुन्हा यायचे आहे ही घाई नाही. वर्तमानपत्री चित्राचे सगळे गुणदोष त्या घाईतून जन्मतात. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेबद्दलही हेच म्हणता येईल. तिथली पोथी पिढ्यान्‌पिढ्या तीच राहते, वर्तमानपत्राचे पान संध्याकाळी पुडी बांधायला जाते.

आता छपाईकडे वळू, कारण रेघेचा पहिला मालक चित्रकार नव्हता, ठसा होता. खिळे जुळवून छापण्याच्या काळात चित्राचा फोटो घ्यायचा, तो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा, आम्लाने नको तो भाग खायला लावायचा आणि उरलेला ठसा लाकडावर ठोकून खिळ्यांच्या शेजारी बसवायचा, अशी रीत होती. वर्तमानपत्राचा कागद खरखरीत, शाई पातळ. बारीक रेघ मध्येच तुटायची, दाट छटा भरून काळी डागळायची. त्यामुळे जुन्या चित्रकारांची ठसठशीत, एकदम ओढलेली, भरपूर पांढरी जागा सोडणारी रेघ ही निव्वळ अभिरुचीची निवड नव्हती. ते यंत्राला दिलेले उत्तर होते. पुढे ऑफसेट आले. हिंदी दैनिकांत इंदूरची ‘नईदुनिया’ त्यात अगदी पुढे होती. ऑफसेटवर केसासारखी रेघही उमटते. चित्रकाराला मोकळीक मिळाली, तशी भारंभार रेघा ओढायची मुभाही मिळाली. धाक गेला की काय होते, ते मुलांच्या अक्षरात आपण पाहतोच.

मराठीत एकचौकटी चित्राची श्रीमंती मोठी आहे. दीनानाथ दलाल, शि. द. फडणीस, वसंत सरवटे, बाळ ठाकरे ही नावे घेतली तरी चार वेगवेगळी घराणी डोळ्यांपुढे येतात. ठाकऱ्यांच्या कुंचल्यावर इंग्लंडच्या डेव्हिड लो याची छाया होती. ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये हात घडला आणि ऑगस्ट १९६० मध्ये ‘मार्मिक’ निघाल्यावर त्या जाड-बारीक होत जाणाऱ्या रेघेला स्वतःचे अंगण मिळाले. पण इथे कुक्षीची एक अडचण लक्षात घ्या. त्या काळी कुक्षीला रेल्वे नव्हती. मुंबई-पुण्याचे वर्तमानपत्र इंदूरपर्यंत यायचे, तिथून मोटारीने आपल्याकडे, आणि टपालाने मागवले असेल तर त्याहूनही उशिरा. मुंबईच्या महापालिकेवरचे व्यंगचित्र आपल्या हाती पडेपर्यंत तो वाद मिटलेला असायचा. राजकीय चित्र भाजीसारखे असते, दोन दिवसांत माना टाकते. म्हणून आपल्या घरांत राजकीय व्यंगचित्रकारांपेक्षा फडणीस आणि सरवटे अधिक मुरले, असे माझे मत आहे. दिवाळी अंक दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी आला तरी चालायचा. ‘आवाज’मधली खिडकीचित्रे तर वडीलधाऱ्यांनी आधी उघडून पाहावीत आणि मग अंक मुलांपासून लपवून ठेवावा, अशा थाटाची. अंक लपवला की तो कुठे लपवला आहे हे साऱ्या घराला ठाऊक असायचे, ती गोष्ट वेगळी.

फडणिसांविषयी थोडे थांबून बोलायला हवे. अनंत अंतरकरांच्या ‘हंस’ आणि ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठांवर १९५० च्या दशकापासून त्यांची रंगीत हास्यचित्रे येऊ लागली. त्यांत शब्द नसत. मुंबई-पुण्यात ही एक कलात्मक निवड मानली गेली, आपल्याकडे तिचा वेगळाच उपयोग झाला. शेजारी निमाडी बोलणारा, समोरचा दुकानदार गुजराती, बाजाराच्या दिवशी येणारा भिलाली बोलणारा. या सर्वांना ‘मोहिनी’चे मुखपृष्ठ समजायचे. मराठी घरातल्या टेबलावरची मराठी नसलेल्या माणसाला कळणारी एकच मराठी वस्तू म्हणजे ते चित्र. त्या रेघेत दशकानुदशके फारसा उतार दिसत नाही. याचे कारण, मला वाटते, त्यांनी स्वतःला रोजच्या घाणीला जुंपून घेतले नाही. महिन्याचे चित्र महिनाभर मुरते.

रोजचे काम काय करते, हे पाहायला आर. के. लक्ष्मण यांच्याकडे वळावे लागते. ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्यांचे छोटे चित्र १९५१ मध्ये सुरू झाले, आणि मराठी वाचकांना ते ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये ‘कसं बोललात!’ या नावाने माहीत झाले. सुरुवातीला लक्ष्मण कधी बंगाली, कधी तमिळ, कधी पंजाबी असे निरनिराळे सामान्य लोक काढत. रोजच्या वेळेच्या ओढीत ही गर्दी परवडेना. मग एकेक जण गळत गेला आणि चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा आणि झुबकेदार मिशी एवढाच गृहस्थ शिल्लक राहिला. म्हणजे ज्याला आपण त्यांच्या प्रतिभेचे शिखर मानतो, तो कॉमन मॅन काही अंशी वेळ वाचवण्याची युक्ती होता. घाईने नुसते नासतेच असे नाही, घाईने गाळलेही जाते.

जुनी आणि नंतरची चित्रे शेजारी ठेवून पाहा. पहिल्या काळात मागची इमारत, खुर्चीची पाठ, फायलींचा ढीग यांना वजन आहे, कुंचला भिजलेला आहे. १९७० च्या आसपास सगळे प्रमाणात बसले आहे : एक मंत्री, एक चमचा, एक गप्प साक्षीदार. २००३ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतरही त्यांनी चित्रे काढली. त्या चित्रांतल्या रेघेत पूर्वीचा झपाटा शोधणे मला अन्यायाचे वाटते. पण ती चित्रे पूर्वीइतकीच उत्तम होती असे म्हणणे हाही अन्यायच, आधीच्या पन्नास वर्षांवरचा.

अमेरिकेत चार्ल्स शुल्झ यांचे उदाहरण याला अगदी समांतर आहे. त्यांची ‘पीनट्स’ ही पट्टी २ ऑक्टोबर १९५० ला सुरू झाली आणि शेवटची १३ फेब्रुवारी २००० ला छापली गेली, त्याच्या आदल्या रात्री ते गेले होते. एकूण १७,८९७ पट्ट्या, सगळ्या एकट्याच्या हातच्या. पहिल्या वर्षांत स्नूपी हा चार पायांवर चालणारा साधा कुत्रा होता. तो दोन पायांवर उभा राहिला, विचार करू लागला, तेव्हा पट्टीला तिचा सूर लागला. १९८१ च्या हृदयशस्त्रक्रियेनंतर हात कापू लागला आणि ती थरथर रेघेत उतरली. वाचकांनी ती स्वीकारली, कारण ती त्याच माणसाची थरथर होती. माझ्यानंतर दुसऱ्याने ही पट्टी काढू नये, अशी त्यांची अट होती.

आता याच्या नेमके उलट उदाहरण घेऊ, आणि ते आपल्या घरातले आहे. वेताळ! ली फॉक यांचा ‘फँटम’ १९३६ मध्ये अमेरिकी वर्तमानपत्रांत रोजच्या पट्टीच्या रूपाने सुरू झाला. मार्च १९६४ पासून टाइम्स समूहाच्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून तो भारतात घरोघर पोचला आणि मराठीत वेताळ झाला. मासिक पुस्तिकेचा कुक्षीसारख्या गावाला फायदा असा, की रोजची पट्टी एक दिवस चुकली तर गोष्टीचा धागा तुटतो, पुस्तिका मात्र उशिरा आली तरी अख्खी येते. इंदूरहून येणाऱ्या कुणाच्याही पिशवीतून ती आणवता यायची. शाळेत हिंदी, घरी मराठी अशी वाढलेली आपली कितीतरी मुले जोडाक्षरे वेताळाच्या फुग्यांतून शिकली. हे मी थट्टेने म्हणत नाही.

पण त्या वेताळाच्या रेघेचा इतिहास आपण कधी पाहिला नाही. लेखक एकच, ली फॉक, १९९९ मध्ये मृत्यू येईपर्यंत. चित्रकार मात्र बदलत गेले. पहिले रे मूर. त्यांचे जंगल अंधारे, सावल्यांनी भरलेले, वेताळ त्यातून अर्धाच बाहेर आलेला. मग विल्सन मॅकॉय आले. सावल्या गेल्या, रेघ साधी, जवळजवळ शाळकरी झाली. त्यांच्यानंतर १९६१ पासून साय बॅरी. स्नायू नीट, चेहरे देखणे, घोड्याच्या पायांची हाडे जागच्या जागी. कसब पाहिले तर बॅरी सर्वांत वरचढ. तरीही घरातली जुनी पुस्तिका चाळताना मॅकॉयच्या त्या भाबड्या वेताळापाशी मी जास्त वेळ रेंगाळतो. देखणेपणा वाढला तशी गूढता थोडी ओसरली. तेव्हा ‘चित्र सुधारले की बिघडले’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. हात सुधारू शकतो आणि त्याच वेळी वारे निघून जाऊ शकते.

त्यात आपल्याकडची कात्री वेगळीच. आडव्या पट्टीसाठी काढलेल्या चौकटी उभ्या पानात बसवताना कडा छाटल्या जायच्या. मूळचे ‘बंगाला’ हे ठिकाण भारतीय वाचकाला खटकू नये म्हणून ‘डेंकाली’ झाले. आणि सर्वांत मोठी अडचण लिपीची होती. इंग्रजी मोठी अक्षरे एका उंचीची असतात, ओळीखाली ओळ दाटून बसते. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा हवी, खाली उकार हवा. तेवढ्याच फुग्यात मराठी वाक्य मावायचे तर एक तर अक्षर बारीक करा, नाहीतर वाक्य तोडा. म्हणून वेताळाचे मराठी तुटक होते. आपल्या पिढीतल्या काही जणांच्या पत्रांतही ती तुटक, ठाम वाक्ये सापडतात. ती टेलिग्रामची समजली जातात, मला त्यांत वेताळाचाही हात दिसतो. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडले.

हिंदीकडूनही आपल्याला बरेच मिळाले, ते नाकारण्यात अर्थ नाही. धर्मवीर भारतींच्या संपादनाखालचे ‘धर्मयुग’ आपल्या घरांत मराठी मासिकांच्या शेजारीच असायचे, आणि त्यातले आबिद सुरतींचे ‘ढब्बूजी’ आधी वाचले जायचे. रेघ अगदी मोजकी, बुटका काळा कोट, दोन-तीन चौकटींत कोटी संपली. याच सुरतींनी १९७६ मध्ये इंद्रजालसाठी ‘बहादूर’ निर्माण केला, ती चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची. प्राण यांचा चाचा चौधरी १९७१ चा, ‘लोटपोट’मधला. प्राण यांच्या चित्रकलेविषयी मी कधीच भारावून गेलो नाही. माणसे लाकडी, हातवारे ठरलेले. पण लाल पगडीचा तो म्हातारा मध्य भारतातल्या कुठल्याही बाजारात भेटेल असा होता आणि वेताळ भेटणार नव्हता. चित्राची प्रत नुसती रेघेने मोजली, तर हा हिशेब चुकतो.

मग मराठी दैनिकाला स्वतःची चित्रपट्टी इतकी उशिरा का लाभली? कारण पैशाचे आहे. परदेशी पट्टी तयार मिळायची, एकच पट्टी शेकडो पत्रांना विकली जात असल्यामुळे प्रत्येकाला स्वस्त पडायची. घरच्या चित्रकाराला रोज तीन-चार चौकटी आणि रोज एक कल्पना यांचे दाम द्यायचे, तर ते भाषेच्या एका पत्राला जड. शिवाय मराठी चित्रकाराची प्रतिष्ठा दिवाळी अंकात आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठावर होती, पानाच्या कोपऱ्यात नव्हती.

ही कोंडी ‘चिंटू’ने फोडली. २१ नोव्हेंबर १९९१ रोजी पुण्याच्या ‘सकाळ’मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही पट्टी सुरू झाली. पप्पू, मिनी, बगळ्या, राजू, जोशीकाकू, आजी-आजोबा. पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरापलीकडे ती गेली नाही, आणि जायचे कारणही नव्हते. तिचे मोठे काम भाषेचे होते. मुले मराठीत जशी खरोखर बोलतात तशी ती फुग्यात बोलली. फुगा देवनागरीसाठीच आखलेला असल्यामुळे वाक्य तोडावे लागले नाही. पुढे ‘चिंटू’ ‘लोकसत्ता’तही गेला, रंगीत झाला, पुस्तकांत आला, २०१२ मध्ये त्याच्यावर चित्रपटही निघाला. माझे मत विचाराल तर काळ्यापांढऱ्या ‘चिंटू’तली मोकळी जागा मला अधिक आवडते. रंग आल्यावर रिकामी भिंतसुद्धा काहीतरी बोलू लागते आणि कोटीचा नेम किंचित हलतो.

कुक्षीला ‘चिंटू’ वर्तमानपत्रातून फारसा भेटला नाही. तोवर आपल्या घरांतले मराठी दैनिक बंद होऊन इंदूरचे हिंदी पत्र सकाळी वेळेवर येऊ लागले होते. ‘चिंटू’ आला तो पुण्याच्या मावशीच्या सामानातून, पुस्तकरूपाने. हा फरक साधा नाही. पुस्तकात निवडलेले येते. रोजच्या पट्टीत चार दिवस बरे, एक दिवस झकास, एक दिवस अगदीच पाणचट, असा क्रम असतो. ज्यांनी जुनी चित्रे संग्रहातून पाहिली आणि आजची रोजच्या पानावर पाहिली, त्यांना जुने सोने वाटणारच. एकीकडे चाळून घेतलेले पीठ आहे, दुसरीकडे न चाळलेले. आजच्या चित्रांवर रागावण्याआधी वाचकहो, जुन्या एका महिन्याचे तीसही अंक ओळीने पाहा. मला तशी संधी एकदा मिळाली, आणि त्या तिसांत जेमतेम पाच-सहा चित्रांवर हसू आले.

तरी सगळी तक्रार खोटी नाही. वर्तमानपत्राचे पान अरुंद होत गेले, तशी चित्राची जागाही आक्रसली. लहान जागेत चेहरे मोठे करावे लागतात, पाय कापले जातात, मागची भिंत नाहीशी होते, आणि मग पात्रे नुसती बोलत बसतात. संगणकावर एकदा काढलेला चेहरा तसाच पुन्हा चिकटवता येतो. तीन चौकटींत तंतोतंत तोच चेहरा दिसला की समजावे, काळ चाललेला नाही. फुग्यातले अक्षरही आता हाताचे नसते, टंकाचे असते, त्यामुळे ओरडणारा आणि कुजबुजणारा एकाच आवाजात बोलतात. पारख करायची एक सोपी रीत आहे. शब्दांवर बोट ठेवा आणि नुसती चित्रे पाहा. काहीतरी घडताना दिसले तर चित्रकार अजून जागा आहे.

हे सारे तपासायला अंक हवेत, आणि अडचण तिथेच आहे. २०१९ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराचे पाणी चढले आणि आपल्या शेजारचे निसरपूर, चिखलदा बुडाले. घरे हलली तेव्हा देव आले, तांब्या-पितळेची भांडी आली, जमिनीचे कागद आले. वर्तमानपत्रांचे गठ्ठे कोण आणणार? पण पाण्यालाच कशाला दोष द्यायचा! कुक्षीच्या कोरड्या घरांतूनही ते दर दिवाळीला रद्दीवाल्याकडे गेले. जे उरले ते वहीत चिकटवलेल्या कात्रणांपुरते. आणि कात्रण कापणाऱ्याने चित्र जपले, तारीख मात्र पानाच्या माथ्यावरच राहून गेली.

अशी वही तुमच्याकडे असेल तर कात्रण उलटून पाहा. खळीने फार घट्ट बसले नसेल, तर कडेला ओला बोळा फिरवल्यावर ते सुटते. मागच्या बाजूला अर्धवट कापलेली एखादी जाहिरात असते, चित्रपटाचे नाव असते, कापसाचा किंवा सोन्याचा भाव असतो, कसोटी सामन्याची धावसंख्या असते. त्यावरून साल लागते, पुष्कळदा आठवडाही लागतो. तो पेन्सिलीने शेजारी लिहून ठेवा. शाईने नको, शाई कागदातून पलीकडे उतरते.